जावांच्या बॅगा

दोन जावांचं पटत नाही यात नवल ते काय? पण या दोघींनी न पटण्याचीही हद्द केली होती. घरात मजले दोन, स्वयंपाकघरं दोन, नळ दोन, तरी वीस वर्षं भांडणाला खंड नव्हता. थोरली खाली राहायची, धाकटी वर. मधल्या अकरा पायऱ्यांचा जिना कुणी झाडायचा यावरून त्यांनी एकदा सलग चाळीस दिवस अबोला धरला होता. त्या चाळीस दिवसांत जिना मात्र दोघींनीही झाडला, एकमेकींना दाखवून, दिवसातून दोन-दोन वेळा. जिना इतका स्वच्छ ना त्याआधी कधी होता, ना त्यानंतर.

आणि शहराच्या मदत पथकात सगळ्यात भरवशाची जोडी कोणती, असं कुणाला विचारलं तर उत्तर यायचं, "जावा." कुठे पूर आला, डोंगर खचला, इमारत कोसळली, की फोन यायचा आणि दोघी पाठीवर बॅगा टाकून निघायच्या. थोरली बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर होती. आवाज असा खणखणीत की हजार माणसांच्या कालव्यात ती एकदा ओरडली की आपोआप रांग लागायची. धाकटी मोठ्या लाँड्रीत कामाला. चिखलाचं, रक्ताचं, कसलंही कापड तिच्या हातात द्या, ती नाक मुरडायची नाही. पथकाचा एक नियम आहे, जोडीशिवाय कुणी जायचं नाही. ढिगाऱ्यात, पाण्यात, अंधारात एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची. नऊ वर्षांत चौदा वेळा या दोघी एकमेकींवर नजर ठेवून धडधाकट परत आल्या आणि जिन्याशी पोहोचताच पुन्हा एकमेकींवर तुटून पडल्या.

चार महिन्यांपूर्वी थोरली गेली. ढिगाऱ्यात नाही की पाण्यात नाही, दवाखान्यातल्या खाटेवर, हृदयाच्या दुखण्याने, तीन दिवसांत.

त्यानंतरचा हा पहिला फोन. धाकटी लाँड्रीत इस्पितळाच्या चादरींच्या घड्या घालत होती. तिच्या चष्म्याची एक काडी दोन महिन्यांपूर्वी मोडली होती, ती तिने तारेने बांधली होती. वाकलं की चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो वर सारायची तिला आता सवयच लागली होती. तसा तो वर सारून तिने फोन कानाला लावला.

पलीकडे काटेकाका होते. त्यांची सगळी नोकरी पोस्टात पार्सलं तोलण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर ते पथकातल्या लोकांच्या बॅगा तोलतात. खरं नाव कुणाला आठवत नाही. कुणाची बॅग पास, कुणाची नापास, हे त्यांच्या हातात असतं. त्यांच्यापुढे पथकाच्या प्रमुखाचंही काही चालत नाही.

"वरच्या खोऱ्यात डोंगर खचलाय," काटेकाका म्हणाले. "तीन वस्त्या खाली गेल्यात. तीनला तपासणी, पाचला गाडी."

"येते."

"कुणाबरोबर?"

धाकटीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मागे यंत्रं घरघरत होती.

"हे बघ," काटेकाका म्हणाले, "सगळ्या जोड्या लागल्या. सुटी उरलेली माणसं दोनच. एक तू आणि दुसरी तुझी पुतणी. प्रशिक्षण पुरं करून दोन महिने झाले पोरीला, जोडीवाचून बसून आहे. आणि कुणाबरोबर जाऊ म्हणून विचारलं तर एकच उत्तर देते, काकूबरोबर."

"ठकी नको."

"का?"

"नको म्हणजे नको, काका. दुसरी कुणीही द्या."

"दुसरं कुणी असतं तर तुझ्याशी डोकेफोड केली असती का मी?"

धाकटीने चादर टेबलावर ठेवली. "छावणीतल्या कामाला एकटं माणूस चालतं ना? धुणं, कपड्यांची वाटणी. नियमात आहे."

"आहे. पण त्याच्याजवळ एकट्याचं पुरं सामान पाहिजे. कुणाजवळ काही मागायला जायचं नाही. बॅग एकटीच्या बळावर पास झाली पाहिजे."

"होईल. चौदा वेळा झालीय. माझ्या बॅगेत बोट दाखवायला जागा सापडली तर मी मुकाट्याने घरी जाईन."

"बघू," काटेकाका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

ठकी म्हणजे थोरलीची मुलगी. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गोल आणि गप्प होती म्हणून ठकी. आता चोवीस वर्षांची झाली, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला लागली, दिवसभर दहा-दहा मजल्यांच्या पोकळीत दोराला लोंबकळत असते, तरी ठकीच. काम चोख, डोकं थंड, बापासारखा जाड भिंगांचा चष्मा. तिच्यात नाव ठेवायला काही नव्हतं. दोष ठकीचा नव्हताच.

दोष धाकटीच्या मते धाकटीचा होता, आणि तो तिने कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता. थोरली जाण्याच्या महिनाभर आधी पथकाचा एक फोन आला होता. थोरली जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "या खेपेला राहू दे गं. मला दम लागतो." धाकटी वरून म्हणाली, "दम लागतो की कंटाळा आला? तसं सांगा ना सरळ." थोरलीने उलट उत्तर दिलं नाही. वीस वर्षांत ती पहिल्यांदाच उत्तर न देता उठून आत गेली, आणि धाकटीला वाटलं, आज आपण जिंकलो. आठवडाभर ती त्याच तोऱ्यात होती. पुढे दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिन्यांपासून त्रास होत असणार, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? तेव्हा धाकटी भिंतीला टेकून उभी होती आणि तिला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. जिच्यावर नजर ठेवायची तिचा साधा श्वास हिला दिसला नाही. अशा बाईच्या नजरेखाली थोरलीची पोर द्यायची? उद्या काही झालं तर भाऊजींना कुठल्या तोंडाने सामोरं जायचं? त्यापेक्षा एकटं बरं.

घरी येऊन तिने पलंगावर जुनी चादर अंथरली आणि माळ्यावरून बॅग काढली. तिचा नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्याला तिने फोनवर दोन वाक्यांत सांगून टाकलं. त्यानेही नेहमीसारखं "जपून" एवढंच म्हटलं. मग ती कामाला लागली.

या कामात तिचे हात तिला विचारत नसत. तीन जोड कपडे, प्रत्येक जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, हवा दाबून काढलेली, तोंड रबराने बांधलेलं. मोज्यांचे सहा जोड, कारण पाय ओले राहिले की भलाभक्कम माणूस तिसऱ्या दिवशी खाट धरतो, हे तिने पाहिलं होतं. पूर्ण बाह्यांचे सदरे, कारण चिखलात पत्र्याच्या कडा असतात आणि त्या दिसत नाहीत. जाड हातमोजे. रेनकोट सगळ्यात वर, कारण तो लागतो तेव्हा बॅग उपसायला वेळ नसतो. शिट्टी गळ्यात. रक्तगटाचं कार्ड सदऱ्याच्या आतल्या खिशात. मग लहानसहान वस्तू. टॉर्च, हाताएवढा स्टोव्ह, सुया टोचलेली कापडाची पट्टी, डबे उघडायचं कटर, ताडपत्री, पेन. लाँड्रीत वीस वर्षं काढलेली बाई, घड्या अशा की बॅगेत बोटभर जागा वाया जायची नाही.

फक्त डाव्या बाजूच्या छोट्या कप्प्याची चेन तिने उघडली नाही.

त्या कप्प्यात काय आहे ते तिला पाठ होतं. नऊ वर्षांपूर्वी, पहिल्याच खेपेला, पुराच्या छावणीत दोघी जावा ओल्या कांबळ्यांवरून भांडल्या. धाकटी रागाने तरातरा चालत छावणीबाहेर निघून गेली. चिखलात पाय घसरला, चष्मा पडला आणि स्वतःच्याच बुटाखाली फुटला. चष्म्याशिवाय तिला हाताची बोटंही धड मोजता येत नाहीत. दिवस मावळत होता. ती चाचपडत छावणीकडे यायला निघाली, आणि थोरलीने मागून येऊन तिचा दंड धरला तेव्हा ती छावणीकडे नाही, पाण्याकडे चालली होती. पाणी दोन पावलांवर होतं. थोरली त्या वेळी काही बोलली नाही. पुढच्या खेपेला निघताना मात्र ती वर आली, धाकटीचा जादाचा चष्मा उचलून तिने स्वतःच्या बॅगेत टाकला, स्वतःचा जादाचा चष्मा धाकटीच्या बॅगेच्या डाव्या कप्प्यात सारला आणि म्हणाली, "आता भांडून जाशील कुठे?"

तेव्हापासून तो कप्पा थोरलीच्या चष्म्याचा. घरी असतानाही तो तिथेच राहायचा. आणि धाकटीचा जादाचा चष्मा खाली, थोरलीच्या बॅगेत. म्हणून तर दोन महिने तारेने बांधलेल्या काडीवर चाललं होतं. चष्मा मागायचा म्हणजे खाली जाऊन भाऊजींना थोरलीची बॅग उघडा म्हणायचं. ते तिच्याच्याने झालं नाही.

बॅग भरून झाली तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. ठकी दारात उभी राहिली. अंगात पथकाचा नवा केशरी सदरा, घड्यांच्या खुणा अजून गेल्या नव्हत्या.

"काकू, काही खाल्लंस का?"

"हो."

"काय?"

"तू माझी चौकशी खिडकी आहेस का?" धाकटी म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला थोरलीची डेपोतली खिडकी आठवली. "हे बघ ठकी, मी एकटी जातेय. छावणीच्या कामाला. काकांशी बोलणं झालंय. तुला पुढच्या वेळी मिळेल कुणीतरी."

"मला कुणीतरी नकोय."

"हट्ट करायचं वय राहिलं नाही तुझं."

"हट्ट मी करतेय की तू?" ठकी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, तो तिचा स्वभावच नव्हता. "मी तपासणीला येतेय. माझी बॅगही भरून झालीय. काका नाही म्हणाले तर परत येईन."

ती खाली गेली. धाकटी पलंगाच्या कडेवर जरा टेकली. पोटात काही नव्हतं, 'हो' म्हटलं ते खोटंच होतं. सकाळच्या चहावर दिवस चालला होता.

अडीचला ती निघाली तेव्हा भाऊजी, म्हणजे थोरलीचा नवरा, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ठकीच्या रबरी बुटांना फडकं मारत होते. बूट कोरे करकरीत होते, पुसण्यासारखं त्यांच्यावर काही नव्हतं. भाऊजी मुळात कमी बोलणारे, आणि बायको गेल्यापासून तर घरात ते आहेत की नाहीत ते पंख्याच्या आवाजावरून ओळखावं लागायचं.

"ती तुझ्याबरोबर आली तर मला झोप लागेल," ते बुटांकडे बघत म्हणाले.

"आणि काही झालं तर, भाऊजी?"

"मी कुठे म्हटलं काही होणार नाही? मी झोपेचं सांगतोय."

धाकटीने बॅगेचा पट्टा खांद्यावर ओढला. ती बाजूने उतरून गेली.

पथकाचं ठिकाण म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याचं गोदाम. भिंतींना अजून शाईचा वास होता. मधोमध मोठं टेबल, त्यावर काटेकाकांची निळ्या चौकड्यांची चादर, आणि वरच्या लोखंडी तुळईला लटकवलेला हुकाचा काटा. बॅग हुकाला अडकवायची, वजन बघायचं, मग चादरीवर सगळी रिकामी करायची आणि एकेक वस्तू काकांच्या डोळ्यांखालून घालायची. बारा किलोच्या वर गेली तर काही ना काही काढायला लावायचे. पास झालेल्या जोड्या भिंतीशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होत्या. ठकी दाराजवळ बॅग पायाशी ठेवून उभी होती.

धाकटीने बॅग हुकाला लावली आणि ती हात मागे बांधून उभी राहिली. काटा हलला आणि थांबला.

"सहा किलो आठशे," काटेकाका म्हणाले.

"बघा. एकटीचं सामान, आणि बाराच्या निम्म्याहून जरा वर."

काटेकाकांनी कपाळाला आठी घातली. पस्तीस वर्षं वजनं केलेल्या माणसाला वजन नुसतं कळत नाही, त्याचा वासही येतो. "एकटीची पुरी बॅग नऊच्या खाली मी आजवर पाहिली नाही. ओत."

तिने बॅग ओतली. कपडे, मोजे, हातमोजे, रेनकोट. काकांनी पिशव्या दाबून पाहिल्या, मान हलवली. मग त्यांनी टॉर्च उचलला.

"लाव."

तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काकांनी तो तिच्या हातातून घेतला, मागचं झाकण फिरवलं आणि नळी तिच्यासमोर उलटी धरली. आत काही नव्हतं.

"सेल?"

धाकटीचा हात उजवीकडे गेला. तळवा वर, बोटं पसरलेली, शेजारच्या माणसाने त्यात काही ठेवावं तसा. शेजारी कुणी नव्हतं.

"सेल जाऊबाईंच्या..." ती म्हणाली आणि तिथेच थांबली.

काटेकाकांनी टॉर्च चादरीवर ठेवला. स्टोव्ह उचलला. त्याची गॅसची डबी नव्हती. सुयांची पट्टी होती, दोऱ्याचं रीळ नव्हतं. कटर होतं, त्याने उघडायला एक डबा नव्हता. ताडपत्री होती, ती बांधायला दोरी नव्हती. पेन होतं, लिहायला वही नव्हती. काका एकेक वस्तू उचलून तिचं नाव घेत होते, आणि प्रत्येक वेळी धाकटी नुसती मान हलवत होती. भिंतीशी बसलेल्यांनी नाड्या बांधणं थांबवलं. एरवी अशा फजितीवर गोदाम दणाणून हसलं असतं. आज कुणी हसलं नाही, कारण काय झालं ते सगळ्यांना कळलं होतं.

चष्म्यांची अदलाबदल झाली तेवढ्यावर थोरली थांबली नव्हती. दुसऱ्या वर्षी तिने सेल आपल्याकडे घेतले आणि टॉर्च धाकटीकडे ठेवला. मग डबी इकडे, स्टोव्ह तिकडे. मग सुई-दोरा. जे जे दोन भागांत तुटतं ते ते तिने वाटून टाकलं. कितीही भांडलो तरी दिवस मावळायला एकीला दुसरीकडे यावंच लागेल, हा तिचा हिशेब. काटेकाकांनी सुरुवातीला नियमावर बोट ठेवलं होतं. मग ते दोघींच्या बॅगा एकाच चादरीवर एकत्र ओतायला लागले आणि वहीत दोघींना मिळून एकच ओळ द्यायला लागले. आठ वर्षं धाकटीचे हात अर्धं सामान भरत आले होते. आपली बॅग अर्धी आहे, हेच ती विसरून गेली होती.

"मी मागत होतो ते एकटीचं सामान," काटेकाका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता. "ही नापास आहे. मला वाईट वाटतंय, पण गाडी निघाल्यावर वरती हे सामान कुणाकडून आणणार तू? दुसऱ्याची गरज भागवण्याइतका वेळ तिथे कुणाला नसतो."

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली. ती वस्तू गोळा करायला लागली. बोटांनी सुयांची पट्टी धड उचलली जाईना. एवढ्या लोकांसमोर छाती पुढे काढून बोललो आणि तोंडावर पडलो, याची लाज होतीच. पण त्याहून वेगळं काहीतरी तिच्या छातीत फुटलं होतं. चार महिने ती रडली नव्हती. जाऊ गेली म्हणून किती रडायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि भांडणाऱ्या जावेने रडलेलं लोकांना खरं वाटेल का, असंही मनात यायचं. आता टेबलाशी उभी राहून, हातात रिकामा टॉर्च धरून, ती रडली. आवाज न करता, पण थांबवताही येईना.

काटेकाकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते दाराकडे बघत म्हणाले, "ठकी, आलीच आहेस तर तुझीही बघून घेतो. आण."

ठकीने बॅग आणून हुकाला लावली.

"सहा किलो सहाशे," काटेकाका म्हणाले, आणि थांबले. "ओत."

धाकटीच्या वस्तू अजून चादरीवर होत्या. त्यांच्याच शेजारी ठकीने बॅग ओतली. कपडे, मोजे. मग टॉर्चचे सेल, चार, रबराने एकत्र बांधलेले. टॉर्च नव्हता. गॅसची डबी. दोऱ्याचं रीळ. बंद डबे पाच. दोरीची गुंडाळी. वही.

"हे काय?" काटेकाका म्हणाले.

ठकीचं तोंड लाल झालं होतं. "आईच्या कपाटाच्या दाराला यादी चिकटवलेली आहे. तिच्या हातची. तिच्यावर बोट ठेवून भरली."

"आणि प्रशिक्षणात दिलेली छापील?"

"तीही होती. तिच्यात जास्त होतं. पण आई चौदा वेळा याच यादीवर जाऊन आली." तिने चष्मा काढून बाहीने पुसला. "मला वाटलं, छापणाऱ्यांनी उगाच वाढवून लिहिलंय."

कुणीतरी भिंतीशी हसायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

"ही पण नापास," काटेकाका म्हणाले. चादरीवर दोन्ही बॅगांचं सामान एकमेकांत सरकलं होतं. त्यांनी ते वेगळं केलं नाही. पण पुढचं ते बोलणार नव्हते. ते बोलायचं काम त्यांचं नव्हतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

ठकी मात्र चादरीकडे बघतच नव्हती. ती काकूच्या हातांकडे बघत होती. "काकू, बस आधी," ती म्हणाली. "तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस. हात बघ कसे थरथरतायत तुझे. मघाशीही खोटं बोललीस." तिने खुर्ची ओढली, धाकटीला खांद्याला धरून बसवलं, आणि पाण्याची बाटली झाकण काढून हातात दिली.

धाकटी पाणी प्यायली. पिता पिता तिच्या लक्षात आलं की या पोरीने दारातूनच आपला चेहरा वाचला होता आणि दुपारपासून आपल्यावरची नजर हटवली नव्हती. जोडीत एकटीनेच नजर ठेवायची असते, आणि ती आपण ठेवली नाही, हेच ती चार महिने उगाळत बसली होती. दुसरीची नजर आपल्यावरही असते, हे तिने हिशेबात धरलंच नव्हतं. थोरलीचा श्वास तिला दिसला नाही, ते खरंच होतं, ते आता जन्मभर खरं राहणार होतं. पण त्यावर उपाय म्हणून पोरीला दारात उभं करून ठेवायचं, हा कुठला न्याय?

"ही डबी कसली?" काटेकाकांनी विचारलं. ठकीच्या ढिगात एक तांबडी, रबर लावलेली चष्म्याची डबी होती.

"आईचा चष्मा," ठकी म्हणाली. "तिच्या बॅगेत सापडला होता. कामाचा नाही, माहीत आहे मला. पण घरी ठेववेना. नियमात बसत नसेल तर..."

"तो तिचा नाही," धाकटी म्हणाली.

तिने डबी उघडली. तारेने बांधलेला चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आतला लावला. चादरीच्या निळ्या चौकड्या, काकांच्या वहीतल्या रेघा, ठकीच्या डोळ्यांखालचा थकवा, सगळं एकदम स्पष्ट झालं. ठकी बघतच राहिली. आईचा म्हणून चार महिने ती डबी तिने उशाशी ठेवली होती.

"मग आईचा कुठे आहे?"

धाकटीने आपली रिकामी बॅग पुढे ओढली. डाव्या कप्प्याची चेन जरा अडली, मग उघडली. काळी डबी, कडेला झिजलेली. तिने ती ठकीच्या हातात दिली. ठकीने ती उघडली नाही, दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मग तिने ती काटेकाकांपुढे केली.

"परत येईपर्यंत तुमच्याजवळ ठेवाल?"

काटेकाकांनी डबी घेतली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. मग ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "एकेकटं पाठवता येणार नाही, दोघीही नापास आहात. काय ते चटकन सांगा."

धाकटीने चारही सेल उचलले, टॉर्चमध्ये भरले, झाकण फिरवलं आणि बटण दाबलं. टॉर्च लागला. तिने तो बंद केला, सेल पुन्हा काढले आणि ठकीच्या ढिगात ठेवले.

"भर तुझी बॅग," ती म्हणाली. "आईच्या यादीप्रमाणे. जसंच्या तसं."

ठकी भरायला लागली. धाकटीही. घड्या घालताना धाकटीने एकदा ठकीच्या मोज्यांची पिशवी ओढून घेतली, हवा नीट दाबून काढली आणि परत दिली. काकांनी वही उघडली आणि त्यांची पेन्सिल थांबून राहिली. आपली बॅग भरून झाल्यावर धाकटीचा हात डाव्या कप्प्यापाशी गेला. तो रिकामा होता.

"ठकी, तुझा जादाचा चष्मा कुठाय?"

"हा काय, माझ्या बॅगेत. का गं?"

"आण इकडे."

"अगं पण तो मला लागेल ना?"

"लागेल तेव्हा ये मागायला," धाकटी म्हणाली. तिने पुढे केलेला हात मागे घेतला नाही. "आता भांडून जाशील कुठे?"

काटेकाकांनी दोघींना मिळून एकच ओळ लिहिली.